स्वस्त काडतूस की स्वस्त शिकार?

नोव्हेंबर महिना उजाडला, की अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आदी राज्यांच्या ग्रामीण भागाचा नूरच पालटतो. नारिंगी रंगाची जाकिटे घातलेली माणसे पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडतात आणि रानाच्या कडेला झाडांवर बांधलेल्या मचाणांवर जाऊन बसतात. एकट्या विस्कॉन्सिन राज्यात ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या हंगामासाठी पाच लाखांहून अधिक लोक हरणाच्या शिकारीचा परवाना घेतात. यातील सारेच हौशी वा धनवान नसतात. कारखान्यातील कामगार, शेतकरी, ट्रकचालक अशा अनेकांच्या दृष्टीने हंगामात मिळालेले एक-दोन हरिण म्हणजे हिवाळाभर पुरणारे मांस असते. पांढऱ्या शेपटीच्या एका पूर्ण वाढलेल्या हरणापासून हाडे वगळून साधारण वीस किलो मांस मिळते. घरातील शीतपेटी भरण्याचा हा हिशोब असल्याने त्यात खर्चाचा विचार येतो आणि मग प्रश्न उभा राहतो, शिकारीसाठी सर्वात काटकसरीचे काडतूस कोणते?

वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. दुकानात जावे आणि सर्वात कमी किमतीची पेटी उचलावी. प्रत्यक्षात मात्र या निवडीमागे युद्धांचा इतिहास, कारखान्यांचे अर्थशास्त्र, सरकारी कायदे आणि एका मुक्या जीवाच्या वेदना असे अनेक धागे गुंतलेले आहेत. ते एकेक करून सोडविले, तरच ‘स्वस्त’ या शब्दाचा खरा अर्थ हाती लागतो.

काडतुसाची किंमत कशात असते?

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढताच टोपीवर आघात होतो, तिच्या ठिणगीने दारू पेटते आणि जळणाऱ्या दारूच्या वायूंचा दाब गोळीला नळीबाहेर ढकलतो. गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. शिल्लक राहते ती पुंगळी, आणि गंमत अशी, की चार भागांपैकी बहुधा तीच सर्वात महाग असते.

तरीही दोन काडतुसांच्या दरातील तफावत केवळ धातू आणि दारू यांच्या वजनावरून ठरत नाही. ती ठरते खपावरून. कारखान्यातील एखादे यंत्र एका मापाच्या काडतुसासाठी जुळवायचे, तर साचे बदलण्यात आणि चाचण्या घेण्यात बराच वेळ जातो. ज्या मापाची कोट्यवधी काडतुसे खपतात, त्यावर हा खर्च पैशांत विभागला जातो; ज्याचा खप वर्षाकाठी थोडाच, त्यावर तो डॉलरमध्ये चढतो. म्हणूनच आकाराने लहान, पण दुर्मीळ काडतूस पुष्कळदा मोठ्या आणि लोकप्रिय काडतुसापेक्षा महाग पडते.

खप वाढविणारा सर्वात मोठा ग्राहक म्हणजे लष्कर. अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ हे काडतूस या नियमाचे ठळक उदाहरण. त्याच्या नावातील ‘.३०’ हा गोळीचा इंचातील ठोकळ व्यास, तर ‘०६’ हे स्वीकाराचे साल. दोन महायुद्धांत हे काडतूस अफाट संख्येने निघाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हाताला त्याची सवय झालेली होती आणि बाजारात लष्कराने विकून टाकलेल्या रायफलींची रेलचेल होती. शिकाऱ्यांनी ते उचलले आणि शतक उलटले, तरी त्याचा खप आटलेला नाही.

त्याचा धाकटा भाऊ म्हणता येईल असे ‘.३०८ विंचेस्टर’ १९५२ साली शिकारीच्या बाजारात आले आणि १९५४ मध्ये त्याचेच लष्करी रूप ‘नाटो’ने प्रमाण म्हणून स्वीकारले. मधल्या काळात दारू सुधारली होती. त्यामुळे ६३ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीऐवजी ५१ मिलिमीटरच्या पुंगळीतून जवळजवळ तेवढेच काम होऊ लागले. पितळ कमी, दारू कमी, रायफलही किंचित आखूड. काटकसरीचा धडा म्हणून याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

लष्करी माल स्वस्त, पण चालतो का?

येथे एक सापळा आहे. लष्करी काडतूस स्वस्त मिळते म्हणून तेच घेऊन रानात जाता येत नाही. सैनिकी गोळी तांब्याच्या मिश्रधातूच्या अखंड कवचात बंद असते. ती प्राण्याच्या शरीरातून आरपार जाते, पण वाटेत फुलत नाही. हरिण मरते, मात्र पुष्कळदा ताबडतोब नव्हे. जखमी अवस्थेत ते दूरवर पळते, झाडीत नाहीसे होते आणि कित्येक तासांनी तडफडून प्राण सोडते. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ असते. आत शिरताच ती छत्रीसारखी उमलते आणि प्राण्याचा अंत काही क्षणांत होतो. म्हणूनच अमेरिकेतील अनेक राज्यांनी मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी उमलणारी गोळी सक्तीची केली आहे.

या गोळीचा भारताशी जुना संबंध आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील दारूगोळा कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी अशी उमलणारी गोळी तयार केली आणि ती ‘डमडम’ या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्या वापरावर बंदी घातली. माणसावर जी गोळी झाडणे क्रूर ठरले, तीच प्राण्याच्या बाबतीत दयेची मानली जाते, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे. युद्धात माणूस जायबंदी झाला, तर त्याच्यावर उपचार व्हावेत अशी अपेक्षा असते. रानातील जखमी हरणाला मात्र कोणी इस्पितळात नेत नाही.

तेव्हा लष्करी काडतुसाचा लाभ शिकाऱ्याला आडवाटेने मिळतो. त्याच मापाची साधी, स्वस्त काडतुसे सरावासाठी वापरावीत आणि मऊ टोकाची महाग काडतुसे प्रत्यक्ष शिकारीसाठी राखून ठेवावीत. अर्थात, दोहोंच्या गोळ्यांचे वजन आणि वेग भिन्न असल्याने त्या एकाच ठिकाणी लागतीलच असे नाही. त्यामुळे हंगामापूर्वी रायफलचा नेम शिकारीच्याच काडतुसाने जुळवून घेणे अपरिहार्य ठरते.

स्वस्ताईचा दुसरा झरा सोव्हिएत गटातील देशांतून वाहत होता. शीतयुद्ध संपल्यावर तेथील कोठारांतील जुना साठा आणि पोलादी पुंगळ्यांची नवी रशियन काडतुसे अमेरिकेच्या बाजारात मातीमोल भावाने येऊ लागली. १९४३ मध्ये जन्मलेले ‘७.६२ बाय ३९’ मिलिमीटरचे काडतूस अनेक वर्षे गरिबांचे काडतूस म्हणून ओळखले गेले. जुन्या साठ्यातील काही काडतुसांच्या टोप्यांत असे रसायन होते, की त्याचे क्षार नळीत राहून हवेतील ओलावा शोषीत. त्याच दिवशी नळी धुतली नाही, तर गंज चढे आणि वाचविलेले पैसे रायफलच्या रूपाने वसूल होत. पुढे २०२१ साली अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि हा झरा आटला. एका परदेशी मालावर विसंबून केलेली काटकसर किती तकलादू असते, याचा अनुभव अनेकांना तेव्हा आला.

कायद्याने आखलेली किमान रेषा

काडतूस जितके लहान, तितके स्वस्त, हेही सर्वस्वी खोटे नाही. १९६४ सालचे ‘.२२३ रेमिंग्टन’ हे लष्कराच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाचे नागरी भावंड. त्यात साधारण २५ ग्रेन दारू मावते. खप प्रचंड, म्हणून किंमत कमी. मग हरणासाठी तेच का वापरू नये? याचे उत्तर अनेक ठिकाणी कायदाच देतो. कोलोरॅडो राज्यात हरणासारख्या मोठ्या प्राण्यासाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच असावा लागतो. शिवाय शंभर यार्डांवर गोळीत किमान एक हजार फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक राहिली पाहिजे, अशी अट आहे. हरणासाठी गोळीचे वजन किमान ७० ग्रेन, तर एल्क व मूस या थोराड प्राण्यांसाठी ८५ ग्रेन हवे. इंग्लंडमधील कायदाही मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड ऊर्जा यांचा आग्रह धरतो.

या आकड्यांमागील तर्क सरळ आहे. अननुभवी माणसाचा नेम थोडा चुकला, तरी प्राण्याचे हाल होऊ नयेत, एवढी शक्ती गोळीत असावी. तज्ज्ञ निशाणबाज लहान गोळीनेही काम साधतो, हे खरे. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या साध्या माउझर काडतुसाने असंख्य हत्ती मारले. परंतु त्याला हत्तीच्या कवटीची रचना तोंडपाठ होती. कायदा बेलसारख्यांसाठी केलेला नसतो. तो वर्षातून एकदा रायफल खांद्याला लावणाऱ्यांसाठी असतो.

या किमान रेषेच्या जरा वर उभे आहे ‘.२४३ विंचेस्टर’. ‘.३०८’च्याच पुंगळीचे तोंड आवळून १९५५ मध्ये ते तयार केले गेले. त्याचा धक्का सौम्य असल्याने किशोरवयीन मुले आणि नवशिके यांना ते मानवते. मात्र एल्कसारख्या थोराड प्राण्यासाठी ते अपुरे ठरू शकते. दुसऱ्या टोकाला आहेत १९६३ सालच्या ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’सारखी बलाढ्य काडतुसे. त्यांची ऊर्जा ३५०० फूट-पाउंडांच्या घरात जाते, ‘.३०८’ची असते २६०० च्या आसपास. शंभर-दीडशे पावलांवरील हरणाला हा फरक कळतही नाही. कळतो तो शिकाऱ्याच्या खांद्याला आणि खिशाला.

हिशोब मांडला, तर...

समजा, एका शिकाऱ्याला वर्षाला साठ काडतुसे लागतात. त्यातील एक-दोन हरणावर, बाकीची नेम जुळविण्यात आणि सरावात खर्ची पडतात. एका काडतुसाचा दर दीड डॉलर धरला, तर वर्षाचा खर्च ९० डॉलर. अडीच डॉलरचे मॅग्नम काडतूस घेतले, तर तोच खर्च १५० डॉलर. वर्षाला ६० डॉलरचा फरक किरकोळ वाटतो. पण वीस वर्षांत तो १२०० डॉलर होतो, म्हणजे दुसरी चांगली रायफल येईल एवढा. त्यातच मॅग्नमची नळी लवकर झिजते. ‘.३०८’ची नळी काही हजार गोळ्या सहज सोसते. अधिक दारू जाळणाऱ्या काडतुसांच्या नळीचे आयुष्य त्याच्या निम्म्याहूनही कमी भरू शकते.

पण खरा तोटा या बेरजेत दिसत नाही. महाग काडतूस माणसाला सराव करू देत नाही. जोरदार धक्क्याची धास्ती बसली, की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नेम ढळतो. ज्याने वर्षभरात पाचच गोळ्या झाडल्या, त्याच्या हातातील बलाढ्य रायफल ही हरणाच्या दृष्टीने अधिक क्रूर ठरते. नॉर्वेमध्ये मोठ्या प्राण्यांची शिकार करणाऱ्यास दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, ती याच कारणासाठी. त्या देशात आणि शेजारच्या स्वीडनमध्ये १८९४ पासून चालत आलेले, सौम्य धक्क्याचे ६.५ मिलिमीटर काडतूस आजही मूसच्या शिकारीला वापरले जाते. काटकसर आणि परिणाम यांचा मेळ कसा बसतो, याचे ते उत्तम उदाहरण.

सरावाचा खर्च आणखी उतरविण्याचा मार्ग म्हणजे ‘.२२ लाँग रायफल’. १८८७ पासून चालत आलेले हे इवलेसे काडतूस हरणासाठी सर्वस्वी अयोग्य, पण श्वास रोखणे, चाप अलगद ओढणे, नजर स्थिर ठेवणे हे सारे त्यावर शिकता येते. मोठ्या रायफलच्या एका गोळीच्या पैशात याच्या दहा-पंधरा गोळ्या येतात.

रिकाम्या पुंगळीची किंमत

झाडलेली पुंगळी जपून ठेवणारा एक मोठा वर्ग अमेरिकेत आहे. ही मंडळी घरच्या मेजावर हातयंत्राच्या साहाय्याने नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरतात. सर्वात महाग भाग अनेकदा वापरला जात असल्याने दर काडतुसामागे बचत होते. दारू एक पाउंड, म्हणजे सात हजार ग्रेनच्या डब्यात मिळते. ‘.२२३’साठी त्यात २८० काडतुसे भरतात. साधारण ४५ ग्रेन लागणाऱ्या ‘.३०८’साठी १५५, ७५ ग्रेन लागणाऱ्या मॅग्नमसाठी जेमतेम ९३. दुकानात न दिसणारा मापाचा फरक येथे डोळ्यांत भरतो.

मात्र यंत्र, तराजू, साचे यांचा आरंभीचा खर्च काहीशे डॉलर होतो. वर्षाला साठ काडतुसे लागणाऱ्याला तो भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. शिवाय दारूच्या मापात झालेली चूक रायफल फोडू शकते. तेथे अंदाजपंचे कारभार चालत नाही. ज्याच्याकडे वाडवडिलांकडून आलेली, बाजारात काडतूस न मिळणारी जुनी रायफल आहे, त्याला मात्र हा मार्ग वरदान ठरतो.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीच्या काळात अमेरिकेत काडतुसांची तीव्र टंचाई झाली. टोप्या तर मिळेनाशाच झाल्या, कारण त्या बनविणारे कारखानेच मोजके. घरी काडतुसे भरणारेही हात चोळीत बसले. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. हंगामाच्या आदल्या दिवशी गावातील दुकानात जे मिळते, तेच काडतूस स्वस्त. जे मिळतच नाही, त्याची किंमत कितीही कमी असली, तरी ती कागदावरच राहते.

ताटातले शिसे आणि करातला वाटा

अलीकडे या हिशोबात आणखी एक रकाना वाढला आहे. गोळीचा गाभा परंपरेने शिशाचा असतो. प्राण्याच्या शरीरात गोळी फुटली, की शिशाचे सूक्ष्म कण मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळले आणि अन्नछत्रांना ते मांस टाकून देण्यास सांगण्यात आले. रानात टाकलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांनाही शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील दुर्मीळ काँडोर पक्षी वाचविण्याच्या प्रयत्नांत हे प्रकर्षाने दिसून आले. त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कनेही २०२४ मध्ये रायफलच्या गोळ्यांतील शिशावर बंदी आणली. तांब्याच्या गोळ्या महाग असतात, हे खरे. पण जे मांस घरातील मुलांच्या ताटात जाणार, त्यातील शिशाची किंमत कोणत्या वहीत मांडायची?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या किमतीत निर्मात्याकडून वसूल होणारा ११ टक्के केंद्रीय करही सामावलेला असतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. म्हणजे शिकारी जेव्हा पेटी विकत घेतो, तेव्हा हरणाच्या कुरणासाठीही नकळत काही पैसे मोजत असतो.

भारतातील उलटी गंगा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. वन्य प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा पिकांचा विध्वंस करू लागला, तर अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच अपवाद केला जातो. त्यामुळे हा प्रश्न येथे त्या स्वरूपात उद्भवत नाही. तरीही काडतुसाच्या अर्थकारणाचा एक वेगळाच अध्याय येथे घडला. लष्कराचे काडतूस नागरिकांच्या, पर्यायाने बंडखोरांच्या हाती पडू नये, म्हणून ब्रिटिश सरकारने ‘.३०३’ या लष्करी मापावर नागरिकांसाठी बंदी घातली. परिणामी ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसावर आधारित ‘.३१५’ हे माप रूढ झाले. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या कारखान्यात या मापाच्या रायफली आणि पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्यात तिची काडतुसे बनत राहिली. अमेरिकेत लष्करी माप म्हणून काडतूस स्वस्त झाले. भारतात लष्करी माप नाही म्हणूनच ते मिळू शकले. एकाच वस्तूचे मोल सत्तेच्या धोरणाने कसे पालटते, याचा हा दाखला.

मग निवड कोणती?

सारांश असा, की अमेरिकेतील सर्वसाधारण हरिण-शिकाऱ्यासाठी नवी रायफल घ्यायची असेल, तर ‘.३०८’ची निवड बहुतेक सर्व कसोट्यांवर उतरते. खप मोठा, सरावाची काडतुसे स्वस्त, धक्का सोसवेल असा, नळी टिकाऊ आणि हरणापासून एल्कपर्यंत उपयोग. घरात आधीच ‘.३०-०६’ किंवा १८९५ पासूनची ‘.३०-३०’ असेल, तर ती विकून नवी घेण्यात काटकसर नाही. घरची रायफल हीच स्वस्त रायफल. दाट झाडीत जवळून नेम धरणाऱ्यांना ‘.३०-३०’ आजही पुरेशी आहे. किशोरांसाठी ‘.२४३’ योग्य. ओहायोसारख्या राज्यांत, जेथे कायद्याने सरळ पुंगळीचीच काडतुसे वापरावी लागतात, तेथे २०१९ साली आलेले ‘.३५० लेजंड’ हा परवडणारा पर्याय आहे.

पण शेवटी हिशोब दर गोळीचा नसतो. तो असतो मिळालेल्या प्रत्येक हरणामागे झालेल्या खर्चाचा. परवाना, प्रवास, इंधन, मांस कापून घेण्याची मजुरी यांच्या तुलनेत त्या एका गोळीचे दोन-तीन डॉलर नगण्य आहेत. ते वाचविण्याच्या नादात नेम चुकला आणि हरिण जखमी होऊन झाडीत दिसेनासे झाले, तर सारा खर्च व्यर्थ जातो आणि एका जीवाचे हाल होतात, ते वेगळेच. सरावात काटकसर करण्याजोगे पुष्कळ आहे. अखेरच्या गोळीत मात्र ती करू नये.